संमेलनात पोरांचंच संगीत नाटक होऊ द्या

महोदय,

स्नेहसंमेलन म्हटलं की तयार ट्रॅक आणि त्यावर ओठ हलवणारी पोरं, हे ठरलेलंच. त्यापेक्षा तिसरी-चौथीच्या वर्गाला स्वतःचं संगीत नाटक रचू द्यावं. यात अवघड काही नाही. अडतं ते मोठ्यांच्या लुडबुडीपाशी.

नाटक २५ मिनिटांचं, पदं पाच, प्रत्येकी दोन कडवी. याहून जास्त नको. आठवड्याला दोन तासिका मिळाल्या तर दहा आठवडे पुरतात. त्यातले पहिले तीन निव्वळ गोष्ट ठरवण्यात जातात, ते जाऊ द्यावेत. गोष्टीचा शेवट मात्र आधी नक्की करावा. नाहीतर रोज कुणीतरी नवं पात्र आणतं आणि महिन्याभरात रंगमंचावर अकरा वाघ होतात!

नव्या चालींचा हट्ट नको. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आणलं, तेव्हा त्यांनीही साकी, दिंडी या लोकांच्या कानावरच्या रचना घेतल्याच होत्या. साकीच्या ओळीत मात्रा २८, सोळावर थांबा, मग बारा. टाळ्या वाजवत मोजल्या की मुलांना ओळी सुचतात:

विहीर म्हणते पोरांनो या, पाणी माझे आटे
दोर सोडला बादलीमधी, खडखड नुसते गोटे

इथे गुरुजींनी ‘बादलीमधी’चं ‘बादलीमध्ये’ केलं की मात्रा सतरा होतात आणि अख्खा वर्ग त्याच शब्दावर अडखळतो. शुद्धलेखन वहीत तपासावं, पदात नको.

सगळ्यात मोठी चूक पट्टीची. शिक्षक स्वतःच्या गळ्याला सोयीचा सूर धरतात, मग मुलं एकतर पुटपुटतात नाहीतर किंचाळतात. पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी दोन ते पांढरी सहा, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून सहावीपर्यंत, एवढ्या टापूत चाल बसवली की चाळीसही जण न ओरडता गातात. साथीला पेटी आणि टाळांची एक जोडी पुरे; ढोलकी आली की शब्द बुडालेच.

प्रत्येक भूमिका दोघांना शिकवून ठेवावी. डिसेंबरात सर्दी-तापाने कोण घरी बसेल, सांगता येत नाही. उभा माइक ठेवू नये, सगळी पात्रं त्याच्याभोवती रांग लावतात. दोन माइक रंगमंचाच्या कडेला खाली, आडवे ठेवावेत. आणि पदाआधी पेटी लांबण लावत बसली तर मूल हमखास आधीच सुरू होतं. केरवा या आठ मात्रांच्या तालाचं एकच आवर्तन, म्हणजे एकच फेरी वाजवावी, विंगेतल्या कुणीतरी पाचव्या मात्रेला हात वर करावा, आठवीला खाली आणावा. हे काम गाण्यात रस नसलेल्या मुलाला द्यावं. ते फार चोख करतात.

– प्राथमिक शाळेतील दोन संगीतशिक्षिका, सांगली