पॅनेल धुण्याच्या पाण्याचा हिशेब

राजस्थानातील सौर प्रकल्पांच्या विस्ताराचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. स्वागत योग्यच, पण त्यात पाण्याचा उल्लेखही नाही, ही मोठी उणीव आहे.

थरच्या वाळवंटातील भडला सौर पार्कची क्षमता २,२४५ मेगावॉट आहे. ३०० वॉटचे पॅनेल धरले, तर एका मेगावॉटला सुमारे ३,३०० पॅनेल लागतात. प्रत्येकी दोन लिटर पाणी धरले, तरी संपूर्ण पार्क एकदा धुवायला जवळपास दीड कोटी लिटर पाणी हवे. न धुऊन चालत नाही. पहाटेच्या दवाने धूळ भिजते, पॅनेलच्या खालच्या कडेला ओघळते आणि उन्हात घट्ट बसते. पॅनेलमधील सेलची, म्हणजे वीज तयार करणाऱ्या छोट्या चकत्यांची, तळाची ओळ झाकली गेली की एकसरीत (एकापुढे एक) जोडलेल्या इतर सेलची वीजही अडते. भूजल खारे असेल तर काचेवर क्षारांचे पांढरे डाग राहतात, ते वेगळेच.

मायक्रोफायबर ब्रशची, पाण्याविना चालणारी सफाई यंत्रे उपलब्ध आहेत. ती सूर्यास्तानंतर, दव पडण्याआधी फिरवावी लागतात. मात्र पॅनेलच्या रांगा एका पातळीत नसतील, तर यंत्र सांध्यावर अडकते. झिजलेला ब्रश वेळेवर बदलला नाही, तर वाळूने काचेवरचा लेप खरवडला जातो. म्हणजे ही सोय आराखड्यातच करावी लागते, मागाहून बसवणे खर्चिक पडते. म्हणून वाळवंटातील प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या निविदेत कोरड्या सफाईची अट घालावी आणि वापरलेल्या पाण्याचा आकडा वीजनिर्मितीच्या आकड्यासोबत दरमहा जाहीर करावा.

– एक वाचक, पुणे