गरोदर बाईच्या अंथरुणावर मच्छरदाणी हवीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात डेंग्यूबद्दल भरपूर लिहिले-बोलले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र मलेरिया गोव्यातून गेल्यातच जमा आहे, या समजुतीने मला काळजी वाटते. रुग्ण खूप कमी झाले हे खरे, आणि त्यामागे दारोदार फिरून रक्ताचे नमुने घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे कष्ट आहेत. पण १९८६च्या सुमारास बांधकामे वाढली तशी पणजीत मलेरियाची केवढी साथ आली होती, हे जुन्या माणसांना आठवत असेल. बांधकामे आजही जोरात चालू आहेत. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनाफिलीस स्टीफेन्सी हा डास गटारात नव्हे, स्वच्छ पाण्यात वाढतो. झाकण नसलेली टाकी, वापरात नसलेली विहीर, लिफ्टचा खड्डा, क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवून पक्के करण्यासाठी, स्लॅबवर आळी करून साठवलेले पाणी, एवढे त्याला पुरते.

मी आरोग्य खात्यात परिचारिका होते. गरोदरपणातल्या मलेरियाकडे अजूनही साध्या तापासारखे पाहिले जाते, म्हणून हे पत्र. या दिवसांत शरीराची प्रतिकारशक्ती बदलते आणि मलेरिया जास्त जोर धरतो. फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाचे जंतू गर्भाला पोसणाऱ्या वारेत दडून बसतात. बोटातून घेतलेल्या रक्तात ते कधी कधी दिसतही नाहीत, म्हणून एक रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी ताप हटत नसेल तर पुन्हा तपासणी करून घ्यावी. आईचे रक्त झपाट्याने कमी होते, गर्भपात होऊ शकतो, मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मते, कधी पोटातच दगावते. आपल्याकडे बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी, त्यात ही भर.

व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियाचे जंतू यकृतात लपून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांचा नायनाट करणारे प्रायमाक्वीन हे औषध गरोदर स्त्रीला देता येत नाही. म्हणजे ताप उतरला तरी बाळंतपण होईपर्यंत तो उलटण्याची भीती राहतेच. आफ्रिकेतील अनेक देशांत गरोदर स्त्रियांना ठरावीक अंतराने प्रतिबंधक गोळ्या देतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तशा गोळ्या नाहीत. मग उरते काय? डास चावू न देणे आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासणे.

मच्छरदाणीचा विषय काढला की ‘आमच्याकडे डास पळवायचे मशीन आहे’ हे उत्तर ठरलेले. पावसात रात्री वीज गेली की मशीनही बंद आणि पंखाही बंद, आणि हा डास चावतो रात्रीच. आत गुदमरल्यासारखे होते ही तक्रार मात्र मला मान्य आहे, विशेषतः सातव्या-आठव्या महिन्यात. त्यावर मोठ्या आकाराची, उंच बांधलेली जाळी घ्यावी. कडा गादीखाली नीट खोचाव्यात, जाळी अंगाला चिकटू देऊ नये, कारण चिकटलेल्या जागी डास बाहेरून चावतो. औषध लावलेली जाळी मिळाली तर आधी एक दिवस सावलीत उघडी टाकावी, साध्या साबणाने क्वचितच धुवावी, उन्हात वाळत घालू नये. विहिरीवर किंवा ओहोळात तर ती धुऊच नये, त्या औषधाने मासे मरतात. दुपारी आडवे होतानाही जाळी सोडली तर डेंग्यूच्या डासापासूनही बचाव होतो.

पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते. पाळणा, बाळंतविडा यांची तयारी महिनाभर आधी होते. तिच्या खोलीत जाळी बांधायला खिळे आहेत का, हे कोणी पाहत नाही. ओटी भरताना साडीबरोबर एक चांगली मच्छरदाणी द्यायला काय हरकत आहे?

सर्वांत जास्त काळजी बांधकामावर राहणाऱ्या मजूर बायकांची वाटते. मजुरांची रक्ततपासणी करून हेल्थ कार्ड देण्याची पद्धत गोव्यात आहे. पण नवऱ्यासोबत आलेली, हजेरीवर नाव नसलेली बायको त्यातून सुटू शकते. अशा एका पत्र्याच्या खोलीत मी गेले होते. मच्छरदाणी होती, पण ती सिमेंटच्या गोण्यांवर अंथरली होती. वर बांधायला आधारच नव्हता, आणि खोलीत राहणारी मुलगी पाच महिन्यांची गरोदर होती. तिला दोष कसा देणार? दोन बांबू आणि सुतळी ठेकेदाराने दिली असती तरी काम झाले असते.

म्हणून आरोग्य खात्याला विनंती आहे की गरोदरपणाच्या नोंदणीच्या वेळीच मच्छरदाणी द्यावी आणि प्रत्येक तपासणीत वजन-रक्तदाबाबरोबर ‘रात्री जाळीत झोपतेस का?’ हेही विचारावे. पंचायती आणि पालिकांनी बांधकामाच्या जागी पाहणीला जाताना टाक्यांसोबत मजुरांच्या खोल्याही उघडून पाहाव्यात, आणि तिथे कोणी गरोदर असेल तर जवळच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे.

— एक निवृत्त परिचारिका, फोंडा