दूध आणायला एकटं जाता येईल असं गाव

फ्रिस्को, टेक्सास

ती. बाबांना आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा रात्री युरोपहून घरी पोचलो. तब्येती उत्तम. फोनवर जेवलीस का, झोपलीस का यातच वेळ जातो, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे.

अठरा वर्षांत अमेरिकेच्या किती गोष्टी अंगवळणी पडल्यात, ते तिथे गेल्यावर समजलं. म्युनिकला तुमच्या नातवानं लिफ्टमध्ये १ चं बटण दाबलं आणि आम्ही एक मजला जास्तच वर गेलो. अमेरिकेत जमिनीलगतचा तोच पहिला मजला. तिथे मात्र आपल्यासारखा तळमजला असतो आणि बटणावर शून्य. वीजही आपल्यासारखीच २३० व्होल्टची. आमच्या अमेरिकन चार्जरच्या चपट्या पिना कुठेच शिरेनात, पण आईनं गेल्या खेपेला दिलेला गोल पिनांचा चार्जर बरोबर बसला.

आई, इथल्या दुकानात तू ९.९९ ची वस्तू घेऊन दहाची नोट पुढे केली होतीस आणि त्या मुलीनं १०.८१ मागितले होते, आठवतं? इथे कर गल्ल्यावर मोजतात, सव्वाआठ टक्के. तू किती ओशाळली होतीस! तिथे चिठ्ठीवर लिहिलेली किंमत तीच शेवटची, आपल्या एमआरपीसारखी. मला दर वेळी तुझी ती दहाची नोट आठवत होती. आणि इटलीत तुला संडासासाठी पाण्याचा मग नेण्याचीही गरज नाही. संडासाशेजारीच धुण्यासाठी वेगळं बसकं भांडं असतं, नळासकट. १९७५ पासून घरात ते असायलाच हवं असा तिथे नियमच आहे. व्हेरोनाच्या घरात ते पाहिलं आणि तुझी बॅगेतल्या मगाची काळजी आठवली.

सगळंच गोड नाही. स्टेशनावर स्वच्छतागृहाला एक युरो मोजावा लागतो, रविवारी जर्मनीत दुकानं बंद, आणि हॉटेलात पाणी मागितलं तर बुडबुड्यांची विकतची बाटली येते. व्हेरोनाचे दगडी रस्ते बाबांच्या गुडघ्याला झेपायचे नाहीत.

पण बाबा, व्हिएन्नाचं पाणी! तिथले लोक नळाचंच पितात, आणि ते खरोखर गोड, थंडगार आहे. हे पाणी डोंगरातल्या झऱ्यांमधून येतं. पहिली वाहिनी १८७३ ची, दुसरी १९१० ची. दुसरीतून पाणी शहरात पोचायला सुमारे छत्तीस तास लागतात, आणि ते येतं नुसत्या उतारानं, पंप न लावता. कासचं पाणी साताऱ्यात कसं उतरतं, हे तुम्ही मला लहानपणी काडीनं मातीत रेघ ओढून दाखवलं होतं. पहिली वाहिनी सुरू झाली तेव्हा उभारलेलं मोठं कारंजं श्वार्झेनबर्ग चौकात आजही आहे. मी तिथे अर्धा तास बसले. तुम्ही शेजारी असतात तर व्यास किती, चढउतार किती, हेच विचारत बसला असतात.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं, ते.

व्हिएन्नाच्या दुसऱ्या सकाळी ट्रामच्या थांब्यावर एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. चाकांचा वॉकर, पुढे टोपली, टोपलीत पाव, पालेभाजी आणि दुधाची पिशवी. पाटीवर गाडीला चार मिनिटं दाखवत होती. ट्राम आली, तिची जमीन जवळजवळ फूटपाथच्याच उंचीची. आजींनी वॉकर आत ढकलला, एका मुलानं पुढचं चाक उचलून धरलं, त्या बसल्या आणि तीन थांब्यांनी उतरून गेल्या. मी सारखी त्यांच्याबरोबर कोण आलंय ते शोधत होते. कोणीच आलं नव्हतं. मग पुढचे पाच दिवस मला तेच दिसत राहिलं: काठी टेकत बाकावर वाचत बसलेले आजोबा, बेकरीच्या रांगेतल्या आज्या.

बाबा, २०१९ ला तुम्ही सहा महिने आमच्याकडे होतात. साताऱ्यात रोज राजवाड्यापर्यंत चालत जाऊन दूध आणि पेपर आणणारा माणूस इथे सकाळपासून खिडकीत बसायचा. आमच्या घरापुढे फूटपाथ आहे, पण दुकान लांब, मध्ये सहा पदरी रस्ता, आणि ठरलेल्या मार्गाची बस नाही. "दूध मी आणतो," तुम्ही म्हणायचात. "राहू द्या, ऑफिसहून येताना आणते," मी म्हणायचे. तिसऱ्या महिन्यापासून तुम्ही विचारणंच सोडलंत. एकदा न सांगता निघालात, तर कुणीतरी गाडी थांबवून "काही मदत हवी का" म्हणून विचारलं आणि तुम्हाला घरी आणून सोडलं. त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले. बाबा, माझं चुकलं. तुम्हाला काही झालं असतं तर, ही भीती होती, पण मी बोलले ते एखाद्या लहान मुलाला बोलावं तसं.

तुम्हाला कंटाळा येतो, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. कंटाळा नव्हता तो. एका रस्त्यानं तुमचं रोजचं काम काढून घेतलं होतं, आणि हे कळायला मला दुसऱ्या खंडात जाऊन एका अनोळखी आजींची टोपली बघावी लागली.

पुढच्या मे महिन्यात तुम्ही दोघं थेट व्हिएन्नाला या, आम्ही इकडून येतो. तीन आठवडे, एकाच घरात, धावपळ नाही. लिफ्ट असलेलं आणि ट्रामच्या थांब्याजवळचं घर मी शोधते. तिथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही. आईचा पासपोर्ट संपत आलाय, तो आधी नव्यानं करून घ्या. व्हिसासाठी तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो, तो मी काढते. गुडघ्याचं डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

घराजवळ बेकरी आहे का, तेही बघते. सकाळचं दूध बाबा आणतील.

तुमची,
ताई