ताई, तुम्ही माझा टाका शिकून घेतलात

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

परवा माझ्या मुलाचं नाव सिनेमाच्या पडद्यावर आलं. अगदी शेवटी, लोक उठून बाहेर पडायला लागतात तेव्हा, 'वेशभूषा सहायक' या ओळीखाली. चाळीतल्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल तो माझ्याकडे पेढे मागतोय. मी पेढे वाटले. पण वाटताना सारखं वाटत होतं की पहिला पेढा जिथे जायला हवा तिथे नुसता पेढा पाठवून भागणार नाही. म्हणून हे पत्र. तुमचं नाव त्यात घालत नाही, कारण तुम्हाला ते रुचणार नाही. सिनेमातली स्टायलिस्ट असून मुंबईतल्या आमच्या भोईवाड्यात रविवारी सकाळी मुलांच्या वर्गासाठी मंडळाच्या खोलीत कात्री कोण चालवतं, हे इथल्या लोकांना सांगावं लागत नाही.

तुम्ही भेटण्याआधी आम्हाला कोण कोण भेटलं, तेही लिहिते. पोराला लहानपणापासून कपड्याचं वेड. बारावीनंतर फॅशन शिकायचं म्हणाला. मोठ्या रस्त्यावर मोठा फलक लावलेल्या एका क्लासमध्ये मी सोनाराकडे बांगड्या ठेवून फी भरली. त्यांनी झेरॉक्स काढलेली चित्रं गिरवायला दिली, एक छापील प्रमाणपत्र दिलं, आणि नोकरीचं विचारायला फोन केला की पलीकडून कोणी उचलत नसे. मग एका मालिकेच्या कपड्यांच्या खात्यात त्याला घेतलं. पहाटे जायचा, मध्यरात्री यायचा. पैशांचं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "शिकतोयस ना, मग पैसे कसले?" भाड्याने आणलेली एक शाल कोणाच्या तरी इस्त्रीने करपली, आणि तिचे पैसे मात्र त्याच्याकडून घेतले. शिकणाऱ्याला पगार नाही, पण भरपाई आहे, हा कुठला न्याय? त्यानंतर आले ते समाजसेवा करणारे. आमच्या पोरांना नव्या शिलाई मशीनसमोर बसवून त्यांनी फोटो काढले. मशीन टेम्पोत घालून परत नेल्या. पोरं हसून सोडून देतात अशा गोष्टी. मी नाही सोडलेली.

नातेवाईक तर काय बोलावेत! "पोरगा असून शिंपीकाम करतो?" माझे वडील माळकरी. ते असते तर म्हणाले असते, नामदेव महाराज कोण होते ते आधी आठवा. मला मात्र तेव्हा असं तोंडावर बोलायचं सुचत नसे, कारण मी स्वतः बरीच वर्षं घरी बसून साड्यांना फॉल-पिको करून देत आले आणि मलाही ते पोट भरण्यापुरतंच काम वाटत होतं. शेजारची बाई साडी टाकून जाणार, संध्याकाळी घेऊन जाणार. 'झाला का गं फॉल?' याच्यापुढे कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि मग तुम्ही.

स्टायलिस्ट म्हणजे नटीला आज काय घालायचं ते सांगणारी बाई, एवढंच मला माहीत होतं. तुमच्याबरोबर मुलगा फिरायला लागला तेव्हा त्या कामाचा आवाका किती मोठा आहे ते कळलं. सिनेमा लागायच्या आधीचे ते प्रमोशनचे दिवस: सकाळी वाहिनीवर मुलाखत, दुपारी कॉलेजात, रात्री कुठल्या तरी सोहळ्यात, आणि प्रत्येक ठिकाणी कपडा वेगळा, चप्पल वेगळी, कानातलं वेगळं. त्यातला बराचसा कपडा डिझायनरकडून तात्पुरता आणलेला, म्हणजे सांभाळून वापरायचा, स्वच्छ करून परत द्यायचा. डाग पडला, दोरा उसवला तर जबाबदारी तुमची. फिटिंगला कपडा सैल निघाला तर मास्टरजी तिथल्या तिथे टाके घालणार, घट्ट निघाला तर आत माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, ठेवलीय का ते बघणार. तुमच्या त्या काळ्या पेटीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, दोन्हीकडून चिकटणारी टेप, घामाचे पॅड, वाफेची इस्त्री. त्या पेटीचं वजन मी एकदा उचलून पाहिलंय. ती खांद्यावर टाकून तुम्ही गोरेगावच्या चित्रनगरीपासून वांद्र्यापर्यंत हिंडता, आणि फोटोत दिसते ती फक्त नटी.

तुम्ही सुरुवात नाटकांच्या कपडेपटात केलीत, हे तुम्हीच मुलांना सांगितलंत. दौऱ्यावर ट्रंकांवरच झोपायचं, सकाळी पुढच्या गावी पोचल्यावर सगळे कपडे उन्हात घालायचे, आणि तिसऱ्या अंकाचा शालू पहिल्या अंकाच्या लुगड्याखाली गेला तर बोलणी खायची. तिथून मोठ्या डिझायनरच्या हाताखाली, तिथून आपल्या नावावर. यातलं बाकी सगळं मासिकांत छापून येतं. ट्रंकांवर झोपण्याचं कोणी छापत नाही, म्हणून मी इथे लिहिलं.

रविवारच्या वर्गात तुम्ही भानू अथैयांची गोष्ट सांगितलीत ती माझ्या मुलाने घरी येऊन मला जशीच्या तशी सांगितली. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये. १९२९ चा जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, बायकांच्या मासिकांसाठी कपड्यांची चित्रं काढली, १९५० च्या दशकापासून सिनेमाचे कपडे केले आणि १९८३ साली 'गांधी'साठी ऑस्कर घेतलं. भारतातल्या कोणालाही मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. 'ब्रह्मचारी'तली मुमताजची ती केशरी साडी, जिच्यात ती एवढी नाचते तरी निरी सुटत नाही, ती आधीच शिवून चेन लावलेली होती, हे ऐकून मी तर उडालेच! साडीशी रोज माझं काम, आणि हे मला माहीत नव्हतं. त्यांनी म्हातारपणी, २०१२ साली, ऑस्करची बाहुली नीट जपली जावी म्हणून ती देणाऱ्या अकादमीकडेच परत ठेवायला दिली, हेही तुम्ही सांगितलंत. एवढं मोठं बक्षीस जपायला आपल्याकडे त्यांना भरवशाची जागा वाटू नये, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण १९८३ हा आकडा ऐकून मला दुसरंच आठवलं. माझे वडील गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या मार्चमध्ये आमच्या घरात आईने डबे हलवून तांदूळ किती उरलाय ते बघितलेलं मला आठवतं. पुढच्या एप्रिलमध्ये ऑस्कर जाहीर झालं तेव्हाही संप मिटलेला नव्हता. ज्या गिरणगावाने देशाला कापड घातलं त्याची उपासमार चालली होती, आणि आपल्याच कोल्हापूरच्या एका बाईला कपड्यांसाठी जगातलं सगळ्यात नावाजलेलं बक्षीस मिळत होतं. आमच्यापर्यंत ती बातमी पोचली असेल तरी कोणाला तिचं काय! पुढे फिनिक्स मिलच्या जागेत हॉटेल उभं राहिलं आणि त्याच हॉटेलात लॅक्मे फॅशन वीकचे काही हंगाम झाले. आमच्या पोरांनी तो दिव्यांचा झगमगाट रस्त्याच्या पलीकडून पाहिला. तुम्ही आत जाणाऱ्यांपैकी. तरी रविवारी तुम्ही रस्ता ओलांडून इकडे आलात, आणि गिरणीकामगारांच्या नातवंडांना सांगितलंत की कापड तुमच्या घरातलं आहे, त्याला लाजू नका.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

मुलाला रात्री उशीर होणार म्हणून घरी सांगायला तुम्ही स्वतः आलात. फोन केला असता तरी चाललं असतं. माझी धांदल उडाली, कारण खोलीभर साड्या पसरलेल्या आणि मांडीवर कोणाची तरी निळी कांजीवरम. मी ती गोळा करून बाजूला ठेवायला लागले. तुम्ही म्हणालात, "राहू द्या, राहू द्या." चहा नको म्हणालात. मग काठ उलटा करून बघितलात, सुलटा करून बघितलात, परत उलटा केलात. आणि विचारलंत, "काकू, हा टाका सुलट्या बाजूला दिसत कसा नाही?"

मला आधी वाटलं काही चुकलंय. मी म्हटलं, एकच धागा उचलते, आणि दोरा थोडा सैल सोडते म्हणजे काठाला चुण्या पडत नाहीत. तुम्ही सरळ जमिनीवर बसलात. तुमची ती पांढरी पॅन्ट, आणि आमची फरशी! "दाखवा मला," म्हणालात. मी चार टाके घातले. तुम्ही सुई हातात घेतलीत आणि घातलेत, पहिले दोन वर दिसले. "उसवा," मी म्हणून गेले, आणि म्हटल्यावर जीभ चावली. तुम्ही निमूट उसवलेत आणि पुन्हा घातलेत. फॉल लावण्याआधी मी तो पाण्यातून काढून सुकवते, का, तेही विचारलंत. नंतर आटला तर काठ ओढला जातो, मी सांगितलं. तुम्ही पर्समधून वही काढून ते लिहून घेतलंत.

माझा मुलगा दारात उभा होता. त्याने आपल्या आईकडून कोणीतरी काही लिहून घेताना पहिल्यांदा पाहिलं. मीही पहिल्यांदाच पाहत होते.

ताई, तुम्ही त्याला काम दिलंत, वेळेवर पगार दिलात, त्याच्या हातून काही बिघडलं तेव्हा त्याला पुढे न करता स्वतः उभ्या राहिलात. त्या सगळ्याचे आभार आहेतच. पण मला विचाराल तर तुमचं ते फरशीवर बसणं आणि उसवणं सगळ्यात मोठं. त्याच्याआधी माझा मुलगा बाहेर कोणी विचारलं तर 'आई घरी असते' म्हणायचा. आता सांगतो, आई साड्यांचं काम करते, आणि तिचा टाका आमच्या ताईंनीसुद्धा शिकून घेतलाय. रात्री माझ्या शेजारी बसून काठ पकडतो. कुठला दोरा कुठल्या काठाला, यावर आमची भांडणंही होतात.

तुमच्याबरोबर राहून त्याने चांगली माणसं पाहिली, हेही तुमचंच देणं. जरदोजी करणारे तुमचे ते वयस्कर मास्टरजी, ज्यांनी कारचोबावर, म्हणजे कापड ताणून बसवायच्या चौकटीवर, त्याला शेजारी बसवून घेतलं आणि सुई धरायची कशी ते बोट धरून शिकवलं. सामान पोचवणारा तुमचा ड्रायव्हर, जो उशीर झाला तर पोराला स्टेशनच्या आत सोडल्याशिवाय हलत नाही. फोटो टाकताना तुम्ही खाली नावं लिहिता त्यात शिवणाऱ्याचं, इस्त्री करणाऱ्याचंही नाव असतं. मी वाचते हो ती नावं, सगळी. अशी माणसं जगात कमी आहेत असं मला आता वाटत नाही. ती दुसऱ्याला जागा करून देत कडेला सरकून उभी असतात, त्यामुळे चटकन दिसत नाहीत, इतकंच. आणि ज्या क्लासवाल्यांनी माझ्या बांगड्यांचे पैसे घेतले, त्यांच्याकडेही कोणी असं असेल तर त्याने मुलांचे फोन उचलावेत, एवढंच माझं मागणं आहे.

रविवारच्या वर्गात मला फॉल शिकवायला बोलावलंत तेव्हा मी पाकीट परत केलं होतं. तुमच्या वर्गात मी पैसे घेणार? तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "काकू, या मुलांसमोर फुकट काम करू नका. उद्या ती पण करतील." माझ्या मुलाची मालिकेतली ती पहाट ते मध्यरात्र मला तेव्हा डोळ्यांसमोर आली. पाकीट घेतलं. त्यातून आता पहिली बांगडी सोडवून आणलीय, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

येत्या रविवारी पैठणी घेऊन येते. शेजारच्या वहिनींनी विश्वासाने दिली आहे, तर मुलांना हात धुऊन बसायला सांगा. जरीच्या काठात जाड सुई अडकते, सगळ्यांना बारीक सुया लागतील. दोरा मी आणते. मागच्या बाकावरच्या त्या दोन मुलींना या वेळी पुढे बसवा, त्यांचा हात चांगला आहे आणि त्या बोलत नाहीत.

तुमची,
भोईवाड्याची काकू