शेवाळशेतीचा परवाना देण्याआधी पाणी मोजा : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

समुद्री शेवाळाच्या शेतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: शेवाळ लाटा अडवेल, किनारा वाचेल. या वाक्यावर विसंबून परवाने देऊ नयेत, म्हणून हे पत्र.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचं महाकाय केल्प, म्हणजे तपकिरी रंगाचं मोठं समुद्री शेवाळ, पाहा. तळच्या खडकाला घट्ट धरून ते तीस-तीस मीटर वाढतं आणि हवेच्या फुग्यांच्या आधाराने पृष्ठभागावर पसरतं. लाट आली की पाण्याबरोबर पुढे, लाट परतली की पाण्याबरोबर मागे. काही सेकंदांतच दिशा उलटते, तेवढ्यात देठाला नीट ताणही बसत नाही. जे पाण्यासोबतच डोलतं, ते पाण्याला अडवणार कसं? तिथल्या मोजमापांत केल्पच्या जंगलामागे लाटा फारशा कमी झालेल्या दिसल्या नाहीत. उथळ पाण्यात तळापासून वरपर्यंत दाट वाढ असेल तर थोडा फरक पडतो, पण सरसकट नाही.

भरती-ओहोटीचा प्रवाह मात्र तासन्‌तास एकाच दिशेने ओढतो. देठ ताणला जातो, शेवाळ जागीच अडतं आणि पाण्याला त्यातून वाट काढावी लागते. पाती आडवी होऊन एकमेकांवर मिटतात, म्हणून वेग वाढला तरी अडथळा ताठ खांबाइतका वाढत नाही. तरी केल्पच्या जंगलात आतला प्रवाह बाहेरच्या साधारण एक तृतीयांश भरला आहे. चीनच्या सांगगौ उपसागरात केल्प आणि शिंपले ज्यांवर वाढवतात त्या दोरांमुळे लागवडीच्या भागातला प्रवाहाचा वेग जवळपास निम्म्यावर येतो, असं संगणकीय प्रतिमानांनी दाखवलं.

म्हणजे लाटा तशाच आणि पाण्याची ये-जा मंद. हा सौदा कागदावर कुणी मांडत नाही.

पाण्याच्या घुसळणीचं प्रकरण तर याहून गुंतागुंतीचं आहे. आतलं संथ आणि बाहेरचं वेगवान पाणी जिथे घासतं तिथे मोठे भोवरे उठतात, पातींच्या मागे लहान. पातीला चिकटून राहणारा पाण्याचा पातळ थर या लहान भोवऱ्यांनी मोडतो, तेव्हा कुठे पातीला पोषकद्रव्यं मिळतात. दोर फार दाट लावले की मधल्या रांगा उपाशी राहतात आणि गाळ बसू लागतो. शिवाय दोरांनी अडलेलं पाणी खालून निसटतं. दोर आणि तळ यांत अंतर कमी असेल तर तोच तळ उकरलाही जातो. गाळ बसेल की उठेल, हे जागा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणून परवान्याच्या अर्जासोबत प्रवाहाच्या नोंदी सक्तीच्या करा. तळाशी डॉप्लर प्रवाहमापक (ध्वनिलहरींनी पाण्याचा वेग मोजणारं यंत्र) ठेवून निदान एक पंधरवडा, म्हणजे उधाणाची मोठी आणि भांगाची लहान भरती दोन्ही पकडल्या जातील. पीक पूर्ण वाढल्यावर त्याच जागी पुन्हा मोजा. तोवर लागवडीच्या दोन पट्ट्यांमध्ये मोकळी वाट ठेवण्याची अट घाला, प्रवाहाच्या दिशेने.

आपला,
किनाऱ्याच्या पाण्याचा एक अभ्यासक