बार्बाडोसला येताय, तर हे वाचून ठेवा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तिकिटं झाली, छान झालं. रात्री कुठे जायचं आणि तिथलं म्हणून काय घ्यायचं, हे बाबांनी विचारलं होतं. फोनवर सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून लिहून पाठवते.

बेत शुक्रवार धरून करा. दक्षिण किनाऱ्यावर ऑइस्टिन्स हे कोळ्यांचं गाव आहे. दर शुक्रवारी तिथल्या बे गार्डनमध्ये मासे भाजणाऱ्या टपऱ्यांची जत्राच भरते. आठनंतर खरी रंगत, असं सगळे सांगतील. ते खरंही आहे, पण तेव्हा बसायला बाक मिळत नाही. इथे बाराही महिने सहा ते सातच्या दरम्यान काळोख पडतो, तेव्हा सहालाच पोचा. एकाने टेबल धरावं, दुसऱ्याने ऑर्डर द्यायला जावं. पाटीवर 'डॉल्फिन' दिसलं तर आई, दचकू नकोस, इथे माही-माही माशाला तसं म्हणतात. मार्लिनचा तुकडा जाड असतो आणि निखाऱ्यावर जरा जास्त राहिला की चोथा होतो. पहिल्यांदा माही-माहीच बरा. काट्यांची भीती असेल तर फ्लाइंग फिश घ्या, तो काटे काढूनच करतात. ताटाला साधारण 40 ते 50 बार्बाडोस डॉलर पडतात आणि तुम्हा दोघांत एक पुरेल. सोबत मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) हवा की भात, असं विचारतील. भात सांगा, त्यात आपल्या तुरीचेच दाणे असतात. नीरफणस दिसला तर तोही सोडू नका. पिवळा पेपर सॉस मात्र ताटाच्या कडेला घ्या. आधी नुसती मोहरी लागते, स्कॉच बॉनेट मिरचीचं तिखट मागून चढतं, आणि तोवर माणसाने आणखी दोन चमचे घेतलेले असतात!

रम पंचाचं इथलं जुनं माप असं: एक भाग लिंबू, दोन साखरेचा पाक, तीन रम, चार पाणी किंवा बर्फ. वरून बिटर्सचे (कडवट अर्काचे) थेंब आणि किसलेलं जायफळ. टपरीवर ते शेवटचे चार भाग बहुतेक बर्फच असतात, म्हणजे वितळेपर्यंत पेला कडक. बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा दोघांत एकच. आईला मॉबी आवडेल: झाडाची साल उकळून केलेलं कडवट-गोड थंड पेय. जेवण झालं की लगेच उठू नका. मोठ्या स्टेजवरच्या गोंगाटापासून जरा बाजूला जुन्या गाण्यांवर इथली वयस्क जोडपी बॉलरूम नाच करतात, अगदी इस्त्रीच्या कपड्यांत. माझ्या मते ऑइस्टिन्सला जायचं ते यासाठीच.

सेंट लॉरेन्स गॅप हा बारचा रस्ता रात्री दहानंतर जागा होतो. संध्याकाळी एक चक्कर मारा, पुरे.

आता खरेदी. राजधानी ब्रिजटाउनच्या ब्रॉड स्ट्रीटवर घड्याळं, अत्तरं, दागिने करमुक्त मिळतात. पासपोर्ट आणि परतीचं तिकीट दाखवावं लागतं. पण हा माल कुठल्याही विमानतळावर मिळतो, त्यासाठी सकाळ घालवू नका. माउंट गेची रम घ्या. भारतात माणशी दोन लिटर चालते. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवल्या तर मधल्या विमानतळावरच्या तपासणीत जातील. काळ्या पोवळ्याचे किंवा कासवाच्या पाठीचे दागिने कोणी दाखवले तर हात लावू नका, सीमेवर जप्त होतात.

पैसे खर्चावेत ते मातीच्या भांड्यांवर. सेंट अँड्र्यू परगण्यातल्या चॉकी माउंटच्या कुंभारांची ही जुनी कला. त्यांचा 'मंकी जार' म्हणजे तोटी आणि वर कडी असलेला छोटा माठच. पाणी बाहेर झिरपून वाळतं म्हणून गार होतं. त्यामुळे चकचकीत झिलई दिलेला घेतलात तर तो शोभेपुरताच. घेताना बोटाने टिचकी मारा: आवाज खणखणीत हवा, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. मग तोटी जिथे पोटाला जोडली आहे ती जागा उजेडात फिरवून बघा. तोटी वेगळी करून चिकटवतात, दोन्ही सारखं वाळलं नाही तर पहिली भेग तिथेच पडते. भांड्यात मोजे कोंबा, झाकण वेगळं गुंडाळा आणि ते हातातल्याच बॅगेत आणा. रोजच्या वापरातले निळे-हिरवे कप-ताटल्या हव्या असतील तर सेंट थॉमस परगण्यात एजहिलला अर्थवर्क्स पॉटरी आहे. गुडघे कुरकुरत असतील तर ब्रिजटाउनचं पेलिकन क्राफ्ट सेंटर सोयीचं. बंदराजवळच आहे, सगळं सपाट. क्रूझ जहाज लागलं असेल त्या दिवशी मात्र गर्दी.

बाबांसाठी केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान आहेच. 29 जून 2024 चा टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना तिथलाच! बाहेर क्रिकेटपटू गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे, शिल्पकार कार्ल ब्रूडहेगनने घडवलेला. ब्रूडहेगननेच 1985 मध्ये केलेला, साखळ्या तोडणाऱ्या गुलामाचा पुतळा हॅगट हॉलच्या चौकात आहे. तो गाडीतून दिसतो, पण वाहतूक इतकी की उतरायला जागा नाही.

पैशांचं: दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक यूएस डॉलर, हा दर बांधलेला आहे. भाव ऐकला की "कुठले डॉलर?" हे आधी विचारा. हॉटेलात बिलात सर्व्हिस चार्ज बहुधा लावलेलाच असतो, तो बघूनच टिप ठेवा. टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधी भाडं ठरवा. निळ्या सरकारी बसमध्ये साडेतीन बार्बाडोस डॉलर सुटे द्यावे लागतात, उरलेले परत मिळत नाहीत. थांब्यावरच्या पाटीवर 'टू सिटी' किंवा 'आउट ऑफ सिटी' लिहिलेलं असतं, ते वाचून रस्त्याची बाजू निवडा. झेडआर नावाच्या छोट्या पांढऱ्या खासगी प्रवासी व्हॅन जलद जातात, पण आतल्या गाण्यांनी आईचं डोकं उठेल.

आणि बाबा, ती लष्करी छापाची टोपी घरीच ठेवा. सामान्य माणसाने तो छाप घालणं इथे बेकायदा आहे, अगदी लहान मुलांनाही सूट नाही.

विमान किती वाजता उतरतंय ते कळवा.

तुमची,
मीनल