कळलावीचा कंद पोटात घेऊ नये

रविवारच्या पुरवणीतील पावसाळी रानफुलांवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत. मात्र 'कळलावीचा कंद उगाळून घेतल्यास सांधेदुखी थांबते' हे त्यातील विधान जिवावर बेतणारे आहे. या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते. गाऊट या सांधेदुखीच्या विकारावर डॉक्टर तेच देतात, पण अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून, मोजून. सहाणेवर उगाळलेल्या कंदात ते किती उतरले, हे कोण सांगणार? उकळूनही ते नष्ट होत नाही. शिवाय उलट्या-जुलाब सुरू व्हायला कित्येक तास लागतात आणि तोवर विष अंगात भिनलेले असते.

आपल्या जुन्या जाणकारांनीही कळलावीला कधी हलके लेखले नाही. आयुर्वेदात ती 'लांगली' या नावाने उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, मोडते आणि गोमूत्रात शोधन करून, म्हणजे विषारीपणा कमी करूनच, वापरली जाते. अडलेल्या बाळंतिणीला सुईणी कंदाचा लेप लावत, तोही बेंबीखाली किंवा तळपायांना, म्हणजे बाहेरूनच. लेखात यातले काहीच आलेले नाही.

श्रावणात कोकणातल्या कुंपणांवर ही वेल पानांच्या टोकांनी आधार पकडत चढलेली सर्रास दिसते. कंद मिळवायला कुदळीचे दोन घाव पुरतात. म्हणून येत्या रविवारी त्याच जागी ठळक खुलासा छापावा. कुणी कंद खाल्लाच असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हेही त्यात आवर्जून असावे.

– एक वाचक, चिपळूण